रोहिणी म्हणजे नुसती नळी नव्हे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत खामगाव येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्या सभागृहात पर्युषणात मागच्या रांगेत बसून आम्ही मुले चुळबूळ करीत असू, त्याच सभागृहात आज व्यासपीठावरून बोलण्याचा योग यावा, ही आपल्या ट्रस्टची माझ्यावरील माया आहे. मी व्यवसायाने रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक. व्याख्यानाचे निमंत्रण देताना विश्वस्तांनी एक प्रश्नही विचारला होता : "सुवर्णमहोत्सवानिमित्त डायलिसिसचे यंत्र द्यावे असा आमचा मानस आहे, तुझे मत काय?" फोनवर मी त्याचे उत्तर दिले नाही. ते समजण्यासाठी आधी रक्तवाहिनी समजून घ्यावी लागते, आणि मानवाने तिची प्रतिकृती करण्याचा जो खटाटोप सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालविला आहे, तोही थोडा पाहावा लागतो.

आरंभ कापडापासून करतो. आपले खामगाव कापसाचे गाव. 1870 मध्ये जलंबहून येथवर रेल्वेचा फाटा आला तो कापसाच्या गाठींसाठीच. आमच्या बाबूजींचे कापडाचे दुकान होते आणि शाळेच्या सुट्टीत गल्ल्यावर बसण्याची पाळी माझ्यावर येई. त्या दुकानात जे शिकलो, ते शल्यचिकित्सेच्या वर्गात कामी आले, असे म्हटले तर आपणांस अतिशयोक्ती वाटेल. पण तसेच घडले आहे.

पायजम्याच्या कमरेला लावतात ती इलॅस्टिकची पट्टी आपण सर्वांनी हाताळली आहे. तिच्यात रबराचे धागे असतात आणि त्यांच्याभोवती सुताची चुणीदार वीण असते. पट्टी थोडी ओढली की रबर सहज ताणते. आणखी ओढली की सुताच्या चुण्या सरळ होतात आणि मग पट्टी एकाएकी अडते, पुढे जात नाही. रोहिणीची, म्हणजे ज्या वाहिनीला आपण व्यवहारात धमनी म्हणतो तिची भिंत अगदी याच तत्त्वावर विणलेली असते. रबराच्या जागी इलॅस्टिन नावाचे प्रथिन आणि सुताच्या जागी कोलॅजनचे नागमोडी तंतू. हृदयाने रक्ताचा लोंढा सोडला की भिंत प्रथम मऊपणे फुगते, मर्यादेपाशी कोलॅजन तिला धरून ठेवते, आणि लोंढा ओसरला की ती आकसून उरलेले रक्त पुढे ढकलते. हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये विसावते तेव्हाही रक्त वाहते राहते, त्याचे श्रेय या आकसण्याला आहे. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक आणि वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा ही पट्टी ताणली जाते व सैल होते. बाजारातले कोणते इलॅस्टिक इतके टिकेल? त्यातही नवल हे की, शरीर इलॅस्टिन बहुतांशी बालपणीच तयार करून ठेवते आणि तेच जन्मभर वापरते.

या भिंतीच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो, फरशीवर फरशी जोडावी तसा. त्याची जाडी नगण्य, पण काम मोठे. रक्त गोठू नये यासाठी हा थर सतत काही द्रव्ये सोडीत असतो. त्यांपैकी नायट्रिक ऑक्साइड या साध्या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. नळाच्या पाइपला आतून असे काही करावे लागत नाही. रोहिणीला क्षणोक्षणी करावे लागते.

आता मानवाच्या प्रयत्नांकडे वळू. 1894 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्याँ शहरात सुऱ्याने हल्ला झाला. पोटातील एक मोठी शीर फाटली होती आणि ती शिवण्याची विद्या त्या काळी कोणापाशी नव्हती. राष्ट्राध्यक्ष दगावले. त्याच शहरातील अलेक्सी कॅरेल या तरुणाच्या मनाला ही गोष्ट लागली. ल्याँ हे रेशमाचे शहर. कॅरेल तेथील भरतकाम करणाऱ्या एका स्त्रीकडे बारीक सुईचे टाके शिकला. गोल तोंडाच्या दोन वाहिन्या जोडताना त्याने तीन ठिकाणी टाके घालून ते ओढून धरले, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि तीन सरळ कडा शिवणे सोपे जाते. आपल्यापैकी ज्या भगिनींनी बाहीचा गोल शिवला आहे, त्यांना यातली खुबी माझ्यापेक्षा लवकर कळेल. कॅरेलला 1912 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि आजही आम्ही त्याचेच टाके घालतो.

शिवणे जमले, पण जोडायला वाहिनी आणायची कोठून? 1947 मध्ये न्यूयॉर्कमधील आर्थर व्होऱ्हीस या शिकाऊ शल्यचिकित्सकाला एका कुत्र्याच्या हृदयात राहून गेलेला रेशमी टाका दिसला. त्या धाग्यावर शरीराने आपले चकचकीत अस्तर चढविले होते. त्याने विचार केला, धाग्यावर अस्तर चढते तर कापडावर का चढू नये? आधी रेशमी हातरुमालाची नळी शिवून पाहिली, मग पॅराशूटच्या कृत्रिम कापडाची. 1952 मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी याच कामासाठी कापड घ्यायला बाजार गाठला. त्यांना नायलॉन हवे होते. दुकानात ते संपले होते, म्हणून विक्रेत्याने डेक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. आमच्या दुकानातल्या टेरिकॉटमध्ये जे सुताबरोबर असे, तेच. लहानपणी आईने शिवण शिकविलेली होतीच. डिबेकींनी घरच्या शिवणयंत्रावर त्या कापडाच्या नळ्या शिवल्या आणि महारोहिणीच्या जागी त्या यशस्वी ठरल्या. 2005 च्या अखेरीस स्वतः डिबेकींची महारोहिणी चिरली, तेव्हा 97 व्या वर्षी त्यांच्यावरही डेक्रॉनची नळी बसवूनच शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले. बाबूजी हयात असते तर म्हणाले असते, "माल चांगला होता."

आपल्या मुंबईलाही या कथेत स्थान आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले, हे अनेकांस ठाऊक असेल. त्यापूर्वीचा त्यांचा एक विचार मला अधिक विलक्षण वाटतो. सर्पाच्या हृदयाची भिंत जाळीदार असते आणि तिला रक्त आतल्या पोकळीतूनच मिळते. मग मानवी हृदयाच्या रोहिण्या बंद पडल्या तर भिंतीला आतून सूक्ष्म छिद्रे पाडून तेच साधता येईल काय? 1965 च्या सुमारास त्यांनी सुयांनी अशी छिद्रे पाडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे पाश्चात्त्य देशांत तीच कल्पना लेसर किरणांनी राबविली गेली. परंतु अशी छिद्रे कालांतराने बुजतात. निसर्गाचा आकार उचलला, पण त्या आकाराला जिवंत ठेवणारी व्यवस्था उचलता आली नाही.

कापडाच्या नळीचेही दुखणे नेमके हेच आहे. मोठ्या व्यासाच्या जागी, जेथे रक्त वेगाने धावते, तेथे डेक्रॉन वर्षानुवर्षे चालते. पण व्यास सुमारे 6 मिलिमीटरच्या खाली गेला की नळ्या बंद पडू लागतात. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या तर तीन-चार मिलिमीटरच्या. प्रवाह लहान, परक्या पृष्ठभागावर रक्त गोठण्याची भीती मोठी, आणि त्यात एक तिसरे कारण. ताठ नळी मऊ रोहिणीला जोडली की प्रत्येक ठोक्याला रोहिणी फुगते, नळी फुगत नाही. जोडावर सतत ओढाताण होते. ती सोसताना रोहिणीच्या पेशी वाढत जातात आणि जोडाचे तोंड आतून अरुंद होते. जुन्या मऊ धोतराला नवे जाड कापड ठिगळ म्हणून लावले तर ठिगळ टिकते आणि त्याच्या कडेला धोतर फाटते, तशातला हा प्रकार. म्हणूनच हृदयाच्या बायपासला आजही पायाची शीर किंवा छातीच्या आतली रोहिणी वापरतात; दुकानातली नळी नाही.

येथवर मी शास्त्र सांगितले. आता एक घरची गोष्ट सांगतो, जी मी जाहीरपणे कधी बोललो नाही.

माझे थोरले काका, आमचे काकाजी, यांना बरीच वर्षे मधुमेह होता. उन्हाळा आला की थकवा येई आणि मग ताकदीचे सलाईन घेण्याची आपल्याकडची रीत. मी वैद्यकीय महाविद्यालयात असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. काकाजींनी हौसेने डावा हात पुढे केला आणि मी मनगटाच्या वरच्या शिरेत सलाईन लावले. पहिल्याच टोचणीत शीर सापडली. काकाजी आल्या-गेल्याला सांगत, "आमच्या डॉक्टरचा हात फार हलका आहे." पुढे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिसची वेळ आली, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या. त्या अनेक टोचण्यांनी खराब झाल्या. त्यांतली एक माझी होती.

डायलिसिसला रक्त बाहेर काढून शुद्ध करून परत द्यायचे असते, मिनिटाला दोन-तीनशे मिलिलिटर. साधी शीर इतके रक्त देऊ शकत नाही आणि रोहिणीत वारंवार सुई खुपसता येत नाही. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय प्रसिद्ध केला, त्याहून सुंदर उपाय माझ्या शास्त्रात मला दुसरा दिसत नाही. त्यांनी मनगटाजवळ रोहिणी आणि शीर एकमेकींना जोडून दिली. रोहिणीच्या दाबाचे रक्त शिरेत शिरले की ती पातळ, दुबळी शीर काही आठवड्यांत रुंद होते, तिची भिंत जाड होते आणि ती रोहिणीसारखी वागू लागते. यालाच फिस्टुला म्हणतात. ती पिकण्याचा आमचा सहाचा नियम आहे : सुमारे 6 आठवडे थांबावे, शीर 6 मिलिमीटर रुंद व्हावी, मिनिटाला 600 मिलिलिटर रक्त वाहावे आणि ती त्वचेखाली 6 मिलिमीटरपेक्षा खोल नसावी. जगभरच्या प्रयोगशाळा जी वाहिनी घडविण्यासाठी झटत आहेत, ती शरीर स्वतःच घडविते. फक्त कच्चा माल चांगला हवा, आणि वेळ हवा.

काकाजींपाशी दोन्ही नव्हते. प्रथम मानेत कॅथेटर बसविला. त्यातून जंतुसंसर्ग होऊन थंडीतापाने ते तीन आठवडे अंथरुणाला खिळले. मग दंडात टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची नळी बसविली. ती पाचव्या महिन्यात गोठली, उघडून दिली, नवव्या महिन्यात पुन्हा गोठली. चालू असताना त्या नळीवर बोटे ठेवली की आत भुणभुण जाणवते. रोज सकाळी सामायिक झाले की काकाजी उजव्या हाताची दोन बोटे डाव्या दंडावर ठेवून बसत. भुणभुण लागली की काकूंकडे पाहून मान हलवीत. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावे लागते, त्याबद्दल ते म्हणत, "चौविहार जन्मभर केला, तो आता उपयोगी पडला." डायलिसिस सुरू झाल्यावर ते दोन वर्षे होते.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात एका घरचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील गावांत मूत्रपिंडाच्या विकाराची कहाणी आपण वर्षानुवर्षे ऐकत आहोत. खारे पाणी, मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, हे सारे तेथे एकत्र येते.

तेव्हा प्रयोगशाळेतली वाहिनी कोठवर आली आहे, हे विचारणे आपल्यासाठी निव्वळ कुतूहल नाही. 1986 मध्ये अमेरिकेत वाइनबर्ग आणि बेल यांनी कोलॅजन व जिवंत पेशी घेऊन पहिली नळी घडविली, पण ती फार दुबळी होती. 1999 मध्ये लॉरा निक्लसन आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या टाक्यांचा जो पदार्थ, त्याच्या जाळीवर गाईच्या रोहिणीतील पेशी पसरल्या आणि ती नळी आठ आठवडे पंपाने धडधडत ठेवली, मिनिटाला 165 वेळा, म्हणजे गर्भातील हृदयाच्या गतीने. धडधडत वाढलेल्या नळ्या, निश्चल वाढविलेल्या नळ्यांपेक्षा बळकट निघाल्या. दाबाची सवय लागल्याने शिरेची रोहिणी होते, तोच हा धडा. पुढे मानवी पेशींपासून अशी वाहिनी वाढवून, तिच्यातील पेशी धुऊन काढून, उरलेली वीण कोणालाही बसविता येईल अशी केली गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2024 मध्ये तिला मंजुरी दिली. ती मंजुरी हातापायांच्या रोहिणीला गंभीर इजा झालेल्या प्रौढांपुरती होती, आणि तीही जेथे रुग्णाची स्वतःची शीर वापरता येत नाही तेथेच. डायलिसिसचा तीत समावेश नव्हता. नळी फाटून रक्तस्राव होण्याच्या धोक्याचा ठळक इशाराही सोबत होता. दुसरीकडे विजेच्या उच्च दाबाने केसाहूनही कितीतरी बारीक धागे कातून नळी विणण्याचे काम अनेक देशांत चालू आहे. 2024 मध्ये एडिनबरो विद्यापीठाच्या चमूने फिरत्या चातीवर मऊ जेलची नळी छापून तिच्यावर अशा धाग्यांचे वेष्टन चढविले. मऊ आणि बळकट हे दोन्ही गुण एकत्र आणण्याचा हा प्रयत्न आहे. आपली इलॅस्टिकची पट्टीच ती. तरी इलॅस्टिनची नैसर्गिक वीण घडविणे अजून कोणास नीट साधलेले नाही.

आपल्यापैकी काहींच्या मनातील एक प्रश्न मी टाळणार नाही, कारण माझे रुग्ण तो मला खाजगीत विचारतात. या नळ्यांत प्राणिज पदार्थ असतात काय? असतात, सर्वांत नाही. विणलेल्या डेक्रॉनमधून रक्त झिरपू नये म्हणून बहुतेक नळ्यांना जनावरांपासून मिळणारे जिलेटिन किंवा कोलॅजन यांचा लेप दिलेला असतो. टेफ्लॉनच्या जातीच्या साध्या नळीला त्याची गरज नसते. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. त्याला कृत्रिम पर्याय आहेत, पण महाग आहेत, आणि काही रुग्णांचे डायलिसिस हेपॅरिनविना करता येते. प्रयोगशाळेत पेशी वाढवितानाही बहुधा वासराच्या रक्तातील द्रव वापरला जातो. हा सारा इतिहास मुक्या प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे, हेही आपण वर ऐकलेच. माझा सल्ला इतकाच की, शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. जेथे निवड शक्य असेल तेथे ती करता येते. एका आजींनी मला विचारले होते, "आणि फिस्टुलात काय घालता?" मी म्हणालो, "आजी, काहीच नाही. तुमचीच शीर, तुमचीच रोहिणी आणि प्लास्टिकचा टाका." त्या लगेच तयार झाल्या.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर. यंत्र अवश्य द्यावे. परंतु डायलिसिसचा खर्च सरकारी योजनांतून बराच भागतो. 2016 पासून जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. रुग्ण यंत्रापाशी पोहोचतो तेव्हा त्याच्या हाताला फिस्टुला नसते, ही खरी अडचण आहे. म्हणून माझी विनंती अशी की, निधीतील काही वाटा वेळेवर फिस्टुला करण्यासाठी बाजूला ठेवावा, आणि त्याहून स्वस्त असे एक काम लगेच हाती घ्यावे. ज्याचे क्रिएटिनिन वाढू लागले आहे, अशा प्रत्येकाने आपला कमी वापराचा हात, बहुधा डावा, राखून ठेवावा. त्या हातात सलाईन नको, रक्त काढणे नको, रक्तदाब मोजणेही नको. टोचणे अटळच असेल तर पंजाच्या मागील बाजूची शीर द्यावी. तपासणाऱ्याला तसे सांगण्याचा संकोच करू नये; तो माझ्यासारखा हलक्या हाताचा असला तरी.

उद्या सकाळी नऊ वाजता याच सभागृहात मी सोनोग्राफीचे छोटे यंत्र घेऊन बसणार आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार सांगितला आहे, त्यांनी जुने रिपोर्ट घेऊन यावे. हाताच्या शिरा पाहून, कोणती राखायची, ते मी कागदावर लिहून देईन. संग्रामपूर, जळगाव जामोदकडील कोणी ओळखीचे असतील तर त्यांनाही आजच फोन करून कळवावे. समाजाचे असोत वा नसोत.

जय जिनेंद्र.